मालमोटारींचे प्राणघातक अपघात व आपलें कर्तव्य

भातकापणी आटोपली म्हणजे अड्याळवरून जाणाऱ्या भंडारा-पवनी रस्त्यावर धान्याच्या मालमोटारींची वर्दळ वाढते. गाडी उलटून जीवहानि झाली कीं सारा दोष चालकाच्या माथीं मारला जातो. तथापि अपघाताचें मूळ पुष्कळदां त्याच्या कामाच्या रीतींत सांपडतें. वेतन खेपेवर ठरलें म्हणजे विश्रांतीचा प्रत्येक तास त्यास तोट्याचा होतो. दिवस माल भरण्याची वाट पाहण्यांत जातो व ऐन झोंपेच्या वेळीं गाडी हांकावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगांत तीन सेकंद डुलकी लागली तरी गाडी ५० मीटर पुढें जाते. त्यांत भार जादा असल्यास ती थांबण्यास अंतरहि अधिक लागतें.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें दिवसाचें काम ८ तासांचें व सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति ठरविली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भाराबद्दल २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंड ठेविला. तो गाडी चालविणाऱ्याप्रमाणेंच चालवावयास लावणाऱ्यासहि लागू आहे.

यास्तव शेतकरी बंधूंनीं पोतीं वेळेवर भरून द्यावीं, जादा भाराचा आग्रह धरूं नये आणि रात्रभर गाडी हांकून आलेल्या चालकास झोंप घेतल्यावांचून परत धाडूं नये.