सोलकर कुठं उभा राहायचा? (भाग लिखित स्वरूपात)

 

मागच्या भागात कोरियाच्या किम हा-सोंगचा विषय निघाला होता. बेसबॉलमधला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा गडी. २०२३ साली त्याला फिल्डिंगसाठी गोल्ड ग्लव्ह मिळाला. त्यावर एकानं मेसेज टाकला, "दादा, आपल्याकडं नुसत्या फिल्डिंगवर कुणी टीममधी टिकलंय का?"

टिकलंय ना. एकनाथ सोलकर.

मुंबईत मरीन ड्राइव्हला हिंदू जिमखान्याचं मैदान आहे. एकनाथचे वडील तिथले ग्राउंड्समन, म्हणजे माळीबुवाच समजा. पोरगा तिथंच वाढला, मॅचच्या वेळी स्कोअरबोर्डावरचे आकडे बदलायचा. जन्म १९४८चा. १९६९ला हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. डावखुरी बॅटिंग, डावखुरी बॉलिंग, दोन्ही ठीकठाक. ठीकठाक म्हणतोय खरं, पण वानखेडेवरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, १९७५ला, वेस्ट इंडिजविरुद्ध १०२ मारलेत त्यानं. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला.

ही जागा नेमकी काय, ते सांगतो. फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, बॅटपासून दोनेक मीटरवर वाकून बसायचं. त्या काळात आपल्याकडं बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे चार स्पिनर. स्पिन खेळताना फलंदाज पाय पुढं टाकतो, बॅट आणि पॅड जवळ ठेवतो. चेंडू वळला किंवा उसळला, की बॅटची कड आणि पॅड लागून बाजूला उडतो. तिथं माणूस नसेल तर काहीच नाही, पुढचा चेंडू टाका. माणूस असेल तर विकेट.

आता हिशेब बघा. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.) चेंडू ताशी ५४ किलोमीटरनं आला, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. दोन मीटर कापायला ०.१३ सेकंद. आपल्या डोळ्याला दिसून हात हलायलाच ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. म्हणजे चेंडू बघून हात हलवायचा म्हटलं तर उशीरच झाला. फलंदाजाचा पाय, बॅटचा कोन, बॉलरची लांबी यावरून हात आधीच निघालेले पाहिजेत. हळू उडालेल्या चेंडूला वेळ मिळतो, पण तो पुढं खाली पडतो, मग झेपावं लागतं. किमच्या हातात चामड्याचा मोठा ग्लव्ह असतो. सोलकरकडं उघडे हात, आणि डोक्यावर हेल्मेटही नाही!

ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात इंग्लंडच्या ॲलन नॉटनं ९० मारलेले. दुसऱ्या डावात तो १ वर असताना वेंकटच्या चेंडूवर सोलकरनं पुढं झेप घेऊन जमिनीलगत झेल घेतला. त्याआधी चंद्राच्या चेंडूवर फ्लेचरचाही त्यानंच घेतला होता. इंग्लंड १०१ला खल्लास. चंद्राचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत, बरोबरच आहे. आपण ४ गडी राखून जिंकलो आणि इंग्लंडमधली पहिली मालिका खिशात.

मला हा माणूस का आवडतो, खरं सांगू? तलवाड्यात आम्ही टेनिस बॉलनं खेळायचो तेव्हा माझ्याकडं बॅट नव्हती. बॅटवाल्याची बॅटिंग पहिली, हा नियमच. मी जवळ उभा राहून झेल घ्यायचो, म्हणून टीममधी घ्यायचे. वहीत मात्र विकेट बॉलरच्या नावावर. आता नोकरीतही रात्री दोनला सर्व्हर पडू न देणारं काम माझ्याकडं आहे, आणि सकाळच्या मीटिंगमधी त्याचं नाव निघत नाही. असो, रडगाणं पुरे.

सोलकरची वही बघू. २७ कसोटी, ५३ झेल. म्हणजे कसोटीमागं जवळजवळ दोन. द्रविडचे २१० आहेत, पण १६४ सामन्यांत, सरासरी १.२८. किमान २० कसोटी खेळलेल्या आणि कीपर नसलेल्यांत सोलकरचं प्रमाण सगळ्यात वरचं मानलं जातं.

शेवटची कसोटी १९७७ला खेळला. २००५च्या जूनमध्ये मुंबईत गेला, वय ५७. नॉटचा तो झेल यूट्यूबवर शोधा, आणि बघताना बॅटकडं नाही, सोलकरच्या पायांकडं बघा.