आधी अंगाची ताकद, मग वल्ह्याची

होडी हातांच्या जोरावर चालते असं आपल्याला वाटतं. पण रोइंगच्या होडीत बसायची जागा रुळावर सरकते. पहिला जोर पायांनी लावायचा, मग पाठीने, शेवटी हातांनी. ऑलिंपिकची शर्यत सहसा २००० मीटरची. तेवढ्यात हीच हालचाल दोनशेहून जास्त वेळा होते. म्हणून मुलं रोइंगला जाऊ लागली की कुणीतरी सांगतं, "बाकी व्यायाम कशाला? मशीनवर वल्हंच ओढ." वाढत्या वयात हा सल्ला महागात पडतो.

रोइंगमध्ये ओढणं भरपूर, ढकलणं जवळजवळ नाहीच. एकच वल्हं धरणाऱ्याचं अंग सारखं एका बाजूला वळतं. सर्वात जास्त दुखते ती कंबर. त्यात उंची झपाट्याने वाढताना हाडं आधी लांबतात, स्नायू मागे राहतात. अशा अंगावर सरावाशिवाय पुन्हा त्याच हालचालीचं वजन टाकलं तर ताकद वाढण्याआधी दुखणं मागे लागतं.

म्हणून आधी सर्वांगाची ताकद. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, बारला लटकून अंग वर ओढणं, उताणं झोपून कंबर उचलणं, प्लँक. हालचाल बिघडली की तिथेच थांबायचं. हे नीट जमलं की जाणत्याच्या देखरेखीखाली हलकं वजन. त्याने उंची खुंटते हा गैरसमज आहे. खास रोइंगचे ताकदीचे व्यायाम त्यानंतर, हळूहळू.

मागे पडण्याची भीती नको. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हं हाती घेतलं. त्याआधी ते वडिलांबरोबर विहिरी खोदत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक मिळालं. मुलांना कष्टाला जुंपा, असा याचा अर्थ नाही. उशिरा सुरुवात करूनही पुढे जाता येतं, एवढाच.

व्यायामाला अन्नाची जोड हवी: डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे, पोटभर भाकरी. झोपही पुरेशी.

आई-वडिलांनो, कंबरदुखी दोन आठवडे राहिली, रात्री झोपमोड झाली, कळ पायात उतरली, पायाला मुंग्या आल्या, खोल श्वास घेताना बरगडी दुखली, किंवा मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर सराव थांबवून सरकारी दवाखान्यात दाखवा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल. पाठ मात्र जन्मभर पुरवायची आहे.