काकू, नळ आले!

पहाटेचे पावणेतीन वाजलेले. सगळी वस्ती गाढ झोपेत. आणि दारावर थाप पडते. ‘काकू, नळ आले!’ की मी ताडकन उठते. डोळे चोळत टाकीचं झाकण उघडते, पाइप लावते आणि तशीच पुढच्या दारी जाते. ‘बाई, उठा. नळ आले!’ पाच मिनिटांत आमच्या गल्लीतले सगळे दिवे लागलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात दारं कशाला ठोठावता? एक मेसेज टाकला की काम झालं! आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण त्याची गोष्ट मागाहून सांगते. आधी आमची वस्ती तर पाहा.

आमचा ले-आऊट अकोल्याच्या उमरी-गुडधीच्या बाजूला. १९९४ मध्ये आम्ही इथे घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला मोजून सात घरं होती. बाकी सगळी काळी, भेगाळलेली जमीन, चार बाभळी आणि सिमेंटचे खुंट रोवलेले प्लॉट. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की घरभर धूळ. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ओसरीत बसकण मारली आणि यांना म्हणाल्या, ‘बाप्पा, कोन्या वाळवंटात आनून टाकलं रे मले! ना झाड, ना झुडूप, ना प्यायले पानी.’

सासूबाईंचं माहेर जुन्या शहरातलं, मोर्णेच्या पलीकडचं. त्यांना वाळवंटच वाटणार! जुनं अकोला म्हणजे असदगड किल्ल्याच्या आश्रयाने वसलेलं गाव. औरंगजेबाच्या काळात असदखानाने ही तटबंदी मजबूत केली, म्हणून तिचं नाव असदगड. दहीहांडा वेस, अगर वेस ही नावं आजही तोंडात आहेत. गाव वसवणाऱ्या अकोलसिंहाची दंतकथा सासूबाई फार रंगवून सांगत. त्याची राणी रोज रात्री एकटीच राजराजेश्वराच्या दर्शनाला जायची. नवऱ्याला संशय आला. तो नागवी तलवार घेऊन मागे गेला. तिने देवाचा धावा केला, पिंडी दुभंगली आणि ती आत सामावली. बाहेर राहिला फक्त लुगड्याचा पदर. ‘बाईच्या जातीले देवानंच पोटात घेतलं तं घेतलं,’ असं म्हणून त्या गोष्ट संपवत आणि बराच वेळ गप्प बसत.

मग मुंबईची रेल्वे आली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि तिच्या वाटेवरच्या अकोल्याचं नशीब पालटलं. कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. नदीच्या अलीकडे ताजनापेठ वाढली, कचेऱ्या आल्या, पुढे रामदासपेठ, जठारपेठ झाली. त्यानंतर आली आमच्यासारखी नोकरदार मंडळी. कोणी मास्तर, कोणी एस.टी.त, कोणी कृषी विद्यापीठात, तर कोणी शेती भावाला देऊन मुलांच्या शिक्षणासाठी आलेले. पेठेत जागा परवडेना, म्हणून हप्त्यावर प्लॉट घेतले. शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत!

प्लॉट स्वस्त का होता, ते बोअर मारल्यावर कळलं. पाणी लागलं हो, पण खारट! आपल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेकडो गावं त्यात येतात. नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले, त्यामुळे जमिनीखालचं पाणीच खारं. त्या पाण्यात कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, तुरीची डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. चहा तोंडात धरवत नाही. गुंडावर पांढरा थर बसतो, तो चिंचेने घासूनही पुरता जात नाही.

म्हणजे घरोघरी दोन पाणी. वापरायचं वेगळं आणि प्यायचं वेगळं. प्यायचं यायचं टँकरने. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा! पारा ४५-४६ वर गेला की कूलरही माणसासारखाच पाणी पितो. लेकराला झोप लागावी म्हणून कूलरमध्ये ओतावं, की उद्याच्या स्वयंपाकाला ठेवावं? हा हिशेब ज्या बाईने केला आहे, तिला वेगळं सांगायला नको.

पण खरं सांगू? आमची वस्ती त्या टँकरपाशीच वस्ती झाली. तिथेच ओळखी झाल्या. कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा नवरा दवाखान्यात, हे रांगेतच कळायचं. बाळंतिणीच्या घरी दोन गुंड जास्त, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वर्षी आम्ही सगळ्यांनी वाण काय लुटलं असेल? प्लास्टिकचे मग!

भांडणंही तिथेच झाली. एका उन्हाळ्याची गोष्ट आजही मनातून जात नाही. नाल्यापलीकडे बांधकाम मजुरांच्या झोपड्या होत्या. आमचीच घरं बांधायला आलेली माणसं ती. एक बाई कडेवर पोर घेऊन रांगेत उभी राहिली. आम्ही तिला हटकलं. ‘टँकर आमच्या वर्गणीचा आहे, तुमचा नाही.’ हो, बोलणाऱ्यांत मीही होते. ती काही बोलली नाही. रिकामा हंडा घेऊन वळली.

सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. उठल्या, आमच्या वाट्याचे दोन्ही भरलेले गुंड उचलले आणि एकेक करून नाल्यापलीकडे नेऊन दिले. परत आल्यावर मला म्हणाल्या, ‘तुह्या घराच्या भिंतीले पानी कोनं मारलं वं? तवा तं हे पानी तिच्याच हातात होतं.’

त्या दिवशी आम्ही बोअरच्या पाण्यातलं वरण खाल्लं. कच्चंच राहिलं होतं. पण पुढच्या टँकरपासून पहिले पाच हंडे नाल्यापलीकडे जाऊ लागले. सगळ्यांना पटलं असं नाही. दोन घरांनी वर्गणी बंद केली. ती उरलेल्यांनी वाटून घेतली.

पाण्याची ही ओढ अकोल्याच्या हाडीमाशी आहे. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणतात ना? रविवारी निघायचं, १५-२० किलोमीटर अनवाणी चालायचं आणि शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. १९४४ च्या सुमारास पाऊस रुसला, तेव्हा ही प्रथा सुरू झाली, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या ले-आऊटची पोरंही भरणे खांद्यावर घेऊन जातात. पाणी किती जड असतं, ते त्यांना वर्षातून एकदा कळतं. आम्हा बायकांना मात्र रोजच!

२००१ मध्ये अकोल्यात महापालिका आली आणि २०१६ च्या हद्दवाढीत उमरी, गुडधी, खडकी, मलकापूर अशी भोवतालची गावं शहरात आली. आम्हीही शहरवासी झालो. नळाची लाइन आली. महानच्या काटेपूर्णा धरणाचं गोड पाणी घरात आलं, तेव्हा मी पहिला गुंड देवाजवळ ठेवला. सासूबाई तेव्हा नव्हत्या.

पण नळ रोज कुठे येतो? काही दिवसांआड. मग घरोघरी जमिनीत टाक्या झाल्या. कोणी गुपचूप टिल्लू पंप लावले. कुंपणाच्या भिंती उंच झाल्या आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप निघाला. नळ आले की मेसेज. रांग संपली, बोलणंही संपलं.

मागच्या उन्हाळ्यात असाच रात्री मेसेज आला. आम्ही सगळ्यांनी पाणी भरलं. कोपऱ्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे साधा फोन. त्यांना कळलंच नाही. चौथ्या दिवशी मी भाजी द्यायला गेले, तर आजी बोअरचं खारं पाणी गाळून पीत होत्या. ‘अहो, सांगायचं तरी!’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘कोनाले सांगू बाई? दारं तं बंदच असतात.’

त्या रात्री मला तो रिकामा हंडा पुन्हा दिसला.

तेव्हापासून आम्ही ग्रुप ठेवला आहे, पण दारंही ठोठावतो. ज्या घरी आधी नळ येतो, तिने पुढच्या घरी जायचं. सगळ्यात शेवटचं दार आजींचं. त्या जाग्या झाल्याशिवाय कोणी आपल्या घरी परतायचं नाही.

आता एवढं लिहिते आहे, तर तुम्हालाही विचारते. तुमच्या गल्लीत मेसेज न पोचणारं असं एखादं दार आहे का हो?