झाड न तोडता झाड बदलायचं कसं?

मी मोहर्लीची. ताडोब्याच्या गेटवर येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "वाघ दिसेल का?" झाडांकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण वड-पिंपळाची एक गंमत बघण्यासारखी असते. पक्षी वडाची फळं खातात आणि बी दुसऱ्याच एखाद्या झाडाच्या बेचक्यात पडतं. तिथे रोपटं उगवतं, खाली मुळं सोडतं. मुळं जमिनीला टेकली की त्याला जोर येतो आणि ते जुन्या खोडाला वेढत जातं. कित्येक वर्षांनी जुनं झाड मरतं, तोवर नवं झाड आपल्या पायावर उभं राहिलेलं असतं. जागा एक दिवसही रिकामी पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या लेखात ही बॉटनी कुठून आली? तर मार्टिन फाउलर नावाच्या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने ऑस्ट्रेलियात असेच वड पाहिले आणि २००४ मध्ये जुनं सॉफ्टवेअर बदलण्याच्या एका पद्धतीला त्यांचंच नाव दिलं. ती पद्धत आज 'स्ट्रँगलर फिग' म्हणून ओळखली जाते.

आपल्याला प्रॅक्टिकलला नेहमी कोऱ्या फाइलपासून प्रोग्राम लिहायला लावतात. नोकरीत मात्र समोर येते लेगसी सिस्टिम, म्हणजे जुनी, पण जिच्यावर सगळा धंदा चालतो अशी. ती बंद ठेवता येत नाही आणि तशीच ठेवूनही चालत नाही.

यासाठी रेल्वे रिझर्व्हेशनसारखं दुसरं उदाहरण नाही. आमच्या गावाचाही त्याच्याशी संबंध आहे. लांबचे कितीतरी पर्यटक रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरून मोहर्लीला येतात. सफारीची तारीख ठरलेली, गाडीची तारीखही ठरलेली. तिकिटाचा घोळ झाला तर सफारी बुडते, आणि पाहुणाच आला नाही तर जिप्सीवाला, गाइड, होमस्टेवाला असे सगळेच बसून राहतात. ताडोब्याच्या कोअरला मंगळवारी सुट्टी असते. रिझर्व्हेशनला अशी सुट्टी नाही, रात्री थोडा वेळ बंद असतं तेवढंच.

ही सिस्टिम १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. तिचं नाव होतं इम्प्रेस. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली, पण प्रत्येकाचा कारभार वेगळा. मग रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने कॉन्सर्ट नावाचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं. ते देशभर एका रात्रीत बसवलं नाही. १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला, मग एकेक करून बाकीच्या केंद्रांत, आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. २००२ मध्ये आयआरसीटीसीची वेबसाइट आली, तीही जुन्या सिस्टिमच्या पुढ्यात उभी राहिली. २०१४ मध्ये वेबसाइटचं तिकीट इंजिन बदललं, पण बर्थ कोणाला द्यायचा हे ठरवणारा गाभा मागे तसाच राहिला. म्हणजे आपल्या वडाचीच गोष्ट!

एकदम बदललं तर काय बिघडतं? ब्रिटनच्या टीएसबी बँकेला विचारा. एप्रिल २०१८ मध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांचा हिशोब एका शनिवार-रविवारात नव्या सिस्टिमवर नेला. सोमवारी लाखो लोकांना स्वतःचंच खातं उघडेना! सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला.

मग नीट करायचं कसं? मला समजलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, जुन्या कोडला नावं ठेवण्याआधी ते काय करतं ते लिहून काढा. आरएसी, वेटिंग, तत्काळ, लेडीज कोटा, सवलती असे कित्येक नियम कोडमध्येच मुरलेले असतात. ठरावीक इनपुट देऊन जुन्याचं उत्तर नोंदवून ठेवा. नव्याचं उत्तरही तेच आलं पाहिजे.

दुसरी, एका बर्थचा मालक एका वेळी एकच. जुनी आणि नवी दोन्ही सिस्टिम तोच बर्थ विकायला लागल्या तर डब्यात मारामारी ठरलेली! म्हणून काम नीट तोडून वाटा, एक केंद्र किंवा काही गाड्या नव्याकडे आणि बाकी सगळं जुन्याकडे.

तिसरी, आधी वाचणं, मग लिहिणं. पीएनआरची चौकशी फक्त माहिती वाचते. ती नव्याकडे आधी न्या, काही दिवस दोघांची उत्तरं ताडून बघा, आणि मगच बुकिंगला हात घाला.

चौथी, परतीची वाट. प्रत्येक पायरीवरून मागे येता आलं पाहिजे. इथे डेटाची अडचण असते. सध्या ६० दिवस आधी बुकिंग करता येतं, म्हणजे पुढच्या ६० दिवसांची तिकिटं लोकांच्या खिशात असतात. नव्या सिस्टिमने दोन तासांत विकलेली तिकिटं जुनीला माहीतच नसतील, तर मागे फिरणार कसं? म्हणून नव्याची प्रत्येक नोंद जुन्याकडेही जात राहिली पाहिजे, निदान विश्वास बसेपर्यंत.

हे सगळं आज का सांगतेय? कारण गाभ्याचीही पाळी आली आहे. २०१० मध्ये बसवलेली रिझर्व्हेशनची यंत्रणा इटानियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएसवर चालते आणि ती बदलत असल्याचं सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. इंटेलने तर इटानियम चिप पाठवणंच २०२१ मध्ये थांबवलं. प्रोग्राम ठणठणीत असला तरी खालची मशीन म्हातारी होते आणि सुटे भाग मिळेनासे होतात. तेव्हा "चालतंय ना, मग हात कशाला लावता?" हे उत्तरही कायम पुरत नाही.

एक सुचवू? फायनल इयरला कोरा प्रोजेक्ट घेण्याऐवजी सीनियरचा जुना, चालू असलेला प्रोजेक्ट घ्या. त्यातला एकच भाग बदला, तोही वापरणाऱ्याला पत्ता न लागता. जमलं तर कोणी टाळ्या वाजवणार नाही, कारण काहीच बंद पडलेलं नसेल. या कामात शाबासकी अशीच असते!