इंट्राडे करताय? ५० हजारांच्या सौद्यावर ५३ रुपये आधीच जातात
बारामती, इंदापूर : उसाच्या बिलातले १० हजार रुपये इंट्राडेसाठी बाजूला काढले, तर मार्जिनवर कमाल ५ पट, म्हणजे ५० हजारांचा सौदा करता येतो. अनेक डिस्काउंट ब्रोकरचा दर ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यातील कमी असेल तो. म्हणजे खरेदी-विक्री मिळून ३० रुपये. विक्रीवरचा एसटीटी (०.०२५ टक्के) साडेबारा रुपये. एक्स्चेंज शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी धरून खर्च सुमारे ५३ रुपयांवर जातो. ५०० रुपयांचा शेअर ५३ पैसे वाढेपर्यंत हाती काहीच नाही. दिवसाला दोन सौदे, महिन्याचे २० दिवस : २,१२० रुपये. शेअर पडला नाही, तरी भांडवलाचा पाचवा हिस्सा गेला.

शेअर निवडताना आधी उलाढाल पाहा. कमी उलाढालीच्या स्वस्त शेअरमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरकच ब्रोकरेजपेक्षा महाग पडतो. लोअर सर्किट लागले, तर बाहेरही पडता येत नाही. ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात इंट्राडे चालतच नाही. आणि भारत फोर्जचा कारखाना बारामतीत आहे, हे सौद्याचे कारण नव्हे.

सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांचा तोटा झाला. या तोट्यातल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम निव्वळ व्यवहार खर्चात घातली.