मानसशास्त्रातील संप्रदाय आणि एक अडखळणारा मुलगा

मानसशास्त्र हे एक शास्त्र आहे असे आपण म्हणतो खरे. परंतु त्याच्या घरात पाऊल टाकताच एकाच छपराखाली पाच-सहा चुली पेटलेल्या दिसतात, आणि शेजारच्या चुलीवरचे अन्न कच्चे आहे अशी प्रत्येकीची खात्री असते.

विषय डोळ्यांपुढे यावा म्हणून एक मुलगा कल्पू या. तो बोरीवलीत राहणारा, पाचव्या इयत्तेतला, बोलण्यात चुणचुणीत आहे. परंतु वर्गात धडा वाचावयास उभे केले की अडखळतो, घामाघूम होतो, आणि अलीकडे शाळेच्या वेळी नेमके त्याचे पोट दुखू लागते. घरची माणसे त्यास आळशी म्हणतात, शाळा ‘ढ’ म्हणते. मानसशास्त्रज्ञ काय म्हणतील?

लाइपझिग येथे १८७९ साली प्रयोगशाळा काढणारे वुंट आणि त्यांचे अनुयायी अंतर्निरीक्षणावर भिस्त ठेवीत. या मुलास मनात डोकावून पाहावयास सांगितले तर तो म्हणेल, “मला भीती वाटते.” एवढ्यावर ती वाट संपते.

म्हणूनच १९१३ साली अमेरिकेत वॉटसन यांनी मन हा शब्दच शास्त्राबाहेर काढावा असे सुचविले. दिसते ते वर्तन, तेवढेच खरे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या तोंडास अन्नाआधीच्या खुणेनेच पाणी सुटे; तद्वत पुस्तक आणि सोबत्यांचे हसणे यांची एकदा गाठ पडली की पुढे नुसत्या पुस्तकानेही घाम फुटतो. आणि पोट दुखल्यावर घरी राहावयास मिळते, हे बक्षीसच नव्हे काय? स्किनर यांचे म्हणणे असेच की, ज्याचे फळ मिळते ते वर्तन टिकते. यावरचा उपायही सरळ आहे: एकांतात दोनच ओळी वाचून घ्याव्या, शाबासकी द्यावी, मग चार घ्याव्या. शिक्षकास इतके हुकमी साधन दुसऱ्या कोणत्याही संप्रदायाने दिलेले नाही. मात्र मुलगा स्वतःशी काय बोलत असतो, याची विचारपूस करण्याची गरज या मंडळींना वाटली नाही.

फ्रॉइड यांना तीच गरज वाटली. अबोध मनातील दडपलेला संघर्ष शरीराच्या वाटेने बाहेर पडतो, हे त्यांचे सूत्र. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापिली. पोटदुखी हे ढोंग नव्हे, हे समजून घेण्यास ही दृष्टी उपयोगी पडते. परंतु तिचे कित्येक सिद्धांत कोणत्याही कसोटीवर घासून पाहता येत नाहीत, आणि सगळे खापर आईबापांच्या माथी फोडण्याचा मोह तिच्यात आहे, हे मला खटकते.

जर्मनीतील समष्टिवाद्यांचे म्हणणे निराळे. वेर्थायमर यांनी १९१२ साली दाखविले की, स्थिर आकृती झपाट्याने एकामागून एक दाखविल्यास डोळ्यांस गती दिसते. (पुढल्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळक्यांच्या स्थिर चित्रांतून हरिश्चंद्र राजा चालू लागला!) तुकड्यांच्या बेरजेहून अखंड आकृती निराळी असते, हा त्यांचा मुद्दा. वाचनातही सराईत माणूस शब्द एका दृष्टिक्षेपात उचलतो. परंतु हे तत्त्व टोकास नेऊन अक्षरओळखच वगळू पाहणाऱ्या पद्धती फसल्या.

पुढे मॅस्लो व रॉजर्स यांनी माणसाच्या उमलण्यावर भर दिला. हा विचार ग्रंथांतून आपल्याकडे येण्याची वाट ताराबाई मोडकांनी पाहिली नाही. बोरीवलीहून डहाणूकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर पुढे बोर्डी येथे १९४५ साली त्यांनी बालशिक्षणाचे काम मांडले. १९५७ साली ते कोसबाडास गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवावी. मुलगा शाळेस जुळत नसेल तर शाळेने वळण बदलावे, हा विचार आमच्या मुलाच्या वाट्यास किती शाळांत येईल?

अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. प्रसंग आणि दुःख यांच्या मध्ये माणसाचे स्वतःचे एक वाक्य असते. “मी अडखळलो तर सारे हसतील” इथपर्यंत ठीक आहे. परंतु “हसले म्हणजे मी कवडीमोल” हे दुसरे वाक्य मुलास जाळते, आणि ते खोडून काढता येते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून हे विवेकनिष्ठ उपचारशास्त्र मराठीत रुजविले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यास स्थापिलेल्या संस्थेतही त्याचाच अवलंब झाला.

आता ‘ढ’ या शब्दाकडे येऊ. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिकसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी बेतल्या; त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. अशा कसोटीत आमच्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण वा त्याहून वरचढ ठरली आणि तरीही वाचन फार मागे राहिले, तर बहुधा दोष आळसाचाही नसतो आणि बुद्धीचाही नसतो. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम त्याच्या बाबतीत जात्याच कष्टाचे असते. यास अध्ययन-अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात तिची तपासणी होते, आणि दाखला मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ मिळतो. दाखल्याने घाम मात्र थांबत नाही. त्यासाठी त्या दोन-दोन ओळी आणि ते एक वाक्य, दोन्ही हाती घ्यावे लागतात, आणि तेही घरी पाहुणे नसताना.