लेदर जॅकेटचं अस्तर कुठलं घ्यायचं?

लेदर जॅकेट शिवून विकायचा विचार आहे ना? मग चामड्याइतकाच वेळ अस्तराला द्या. चामडं वर्षानुवर्षं टिकतं, आधी उसवतं ते बगलेतलं अस्तर.

महाबळेश्वरच्या थंडीतलं जॅकेट आणि सांगलीच्या उन्हात बुलेटवर घालायचं जॅकेट, दोन्हींना एकच अस्तर चालत नाही. पॉलिस्टर टॅफेटा स्वस्त, गुळगुळीत, टिकाऊ. पण घाम शोषत नाही, अंगाला चिकटतो. सुती कापड घाम शोषतं, आणि इचलकरंजीसारखी पेठ तर सांगलीच्या शेजारीच. मात्र बाह्यांना सुती नकोच! शर्टाची बाही अडकून वर गोळा होते. म्हणून मी सांगेन, धडाला सुती ट्विल, बाह्यांना टॅफेटा. व्हिस्कोस मऊ असतं खरं, पण ओलं झालं की कमजोर पडतं.

सुती कापड बेतण्याआधी धुवून आटवून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग जातो का बघा, नाहीतर घामानं गिऱ्हाइकाचा शर्ट रंगणार. आणि पाठीत मधोमध इंचभर चुणी ठेवाच. चामडं वापरून सैल पडतं, अस्तर पडत नाही. चुणी नसेल तर हँडल धरताना सगळा ताण बगलेच्या शिवणीवर येतो.

कापड घ्यायला जाताना चामड्याचा तुकडा खिशात ठेवा, रंग दुकानातच जुळवता येतो.